सातव्या होलचा आगेवाला

प्रितीच्या ऑफिसात सव्वीस माणसं गोल्फचा गेम बनवत होती आणि त्यातल्या एकानेही जन्मात खरी गोल्फची स्टिक हातात धरलेली नव्हती. ऑफिस परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. खाली सलून आणि केकचं दुकान, वर काचेच्या भिंती. तिथे बसून ही मंडळी गवताचं पातं न् पातं, वाळूचा कण न् कण अशा निगुतीने घडवायची की बघणाऱ्याला वाटावं, यांचं सगळं लहानपण हिरवळीवर लोळण्यात गेलं. प्रितीचं लहानपण गेलं होतं शीव कोळीवाड्याला, तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथे हिरवं म्हणून काय ते आईच्या खिडकीतली कोरफडीची एक कुंडी. पण कामाला काय, काम अंगवळणी पडतं.

यंदा गेममध्ये एक नवा भाग येणार होता. जगातली बारा नावाजलेली होल्स, जी आता अस्तित्वातच नाहीत, ती पुन्हा उभी करायची. होल म्हणजे नुसता खळगा नव्हे, बॉल मारायच्या जागेपासून त्या खळग्यापर्यंतचा सगळा पट्टा. कुठलं समुद्राने गिळलेलं, कुठलं विमानतळाखाली गेलेलं. आणि त्या बारांतलं एक चक्क मुंबईचं निघालं. शीवच्या पलीकडे खाडीच्या काठाला क्रीक क्लब म्हणून एक क्लब होता, त्याचं सातवं होल. नव्वद साली क्लब बंद पडला. आता तिथे रस्ता आहे आणि चार टॉवर आहेत, आणि टॉवरमधल्या लोकांना आपण कशावर राहतो याचा पत्ता नाही.

सातवं होल गाजलं ते कावळ्यांमुळे. तिथले कावळे अंडं समजून बॉल पळवायचे. हे इतकं व्हायचं की क्लबाने नियमच लिहून ठेवला होता: कावळ्याने बॉल नेला आणि आगेवाल्याने तो नेताना पाहिला, तर बॉल दंड न लागता पुन्हा मारायचा. आगेवाल्याने पाहिलं नसेल तर बॉल हरवला, संपलं. कोणी परदेशी पाहुण्याने हा नियम एका इंग्रजी मासिकात लिहिला आणि सातव्या होलचं नाव जगभर झालं.

पण नाव झालं म्हणून चित्र मिळतं असं नाही. कंपनीला सापडलं काय, तर एक स्कोअरकार्ड, मासिकातले ते दोन परिच्छेद, आणि एक फोटो ज्यात पंचवीस सभासद उभे होते आणि त्यांच्या मागे जे काही होतं ते त्यांच्या टोप्यांनी झाकलं होतं. टीमचा प्रमुख अभिषेक म्हणाला, "सोडून देऊ या. स्कॉटलंडचं एक आहे हाताशी, त्याचे नकाशेसुद्धा आहेत."

तेव्हा प्रिती म्हणाली, "माझे सासरे तिथे होते. एकोणीस वर्षं."

"खेळायचे?" अभिषेकचे डोळे मोठे झाले.

"नाही रे. आगेवाले होते."

आता हे पंचवीस जणांना समजावून सांगावं लागलं. बॅग उचलून खेळणाऱ्याच्या बरोबर चालतो तो कॅडी. आणि त्याच्याही आधी, पार पुढे, बॉल जिथे पडणार तिथे जाऊन उभा राहतो तो आगेवाला. बॉल कुठे पडला हे डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि लाल झेंड्याने मागच्यांना कळवायचं, हे त्याचं काम. झेंडा सरळ वर म्हणजे बॉल सापडला, ठीक आहे. झेंडा खाली म्हणजे पाण्यात गेला. डोक्यावर गरागरा फिरवला म्हणजे कावळा.

अभिषेकने दोन आठवडे दिले.

प्रितीचे सासरे रामजी तांबे, वय त्र्याहत्तर, राहायला भोईवाड्यात. चाळ पाडून बिल्डिंग झाली तिला सहा वर्षं झाली होती आणि तांब्यांचं घर आता अकराव्या मजल्यावर होतं. क्लब बंद पडल्यावर रामजींनी एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःला एक नवीन नोकरी लावून घेतली, बिनपगारी. बुद्धविहाराच्या मागे मुलांची अभ्यासिका होती, तिची चावी त्यांच्याकडे असे. सकाळी सातला ते अभ्यासिका उघडत, पंखे लावत, पाण्याचं पिंप भरत आणि परीक्षेला बसणाऱ्या पोरापोरींकडे असे बघत बसत जसे काही सगळेच्या सगळे त्यांच्याच जिवावर कलेक्टर होणार होते. चावी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात. झोपतानाही काढत नसत.

आणि त्या चावीवरूनच घरात कुरबुर चालू होती. गेल्या महिन्यात एकदा रामजी चावी घरी विसरून गेले, म्हणजे आंघोळीला काढली ती खुंटीवरच राहिली, आणि पोरं नऊ वाजेपर्यंत पायरीवर बसली. त्याच आठवड्यात त्यांनी चहात मीठ घातलं. मग एकदा विकासला, म्हणजे प्रितीच्या नवऱ्याला, स्वतःच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली. विकास विम्याच्या ऑफिसात होता. वाईट काय काय होऊ शकतं याचा विचार करण्याचाच त्याला पगार मिळत होता, त्यामुळे त्याच्या डोक्यात भुंगा शिरला तो निघेना.

"डॉक्टरला दाखवू या. विसरण्याचा आजार असतो तो," तो प्रितीला म्हणाला. "आणि ती चावी आता दुसऱ्या कुणाकडे देऊ. उद्या गॅस चालू ठेवून जातील."

"चावी काढून घेतलीस ना, तर आबा महिन्याभरात खाटेला लागतील," प्रिती म्हणाली.

"मला हौस आहे का?"

"मग थांब दोन आठवडे. ते सातवं होल सांगतायत ना मला, ते बघ. एकेक झुडूप आठवतंय त्यांना. ते खरं निघालं तर चावी राहील. कबूल?"

विकासने विचारलं, "आणि खोटं निघालं तर?"

प्रिती वही शोधायला उठली, पण तोही करारच झाला.

दोन रविवार आणि मधल्या सगळ्या संध्याकाळी प्रिती वही घेऊन सासऱ्यांच्या समोर जमिनीवर बसली. रामजी खिडकीला पाठ करून खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे. "समोर बांध. मातीचा, पुरुषभर उंच. डावीकडे तळं. लांबट, काठाला लव्हाळा. उजवीकडे जांभूळ. जुनं झाड, खालची एक फांदी वाळलेली. त्याच फांदीवर कावळे बसायचे, सातआठ. सकाळी ऊन पाठीवर, पाठ तापायची नुसती." आणि सांगताना त्यांचा डावा हात तळ्याकडे जायचा, उजवा जांभळीकडे, जसं काही ते इथेच हॉलमध्ये होतं, टीव्ही आणि शोकेसच्या मधोमध.

बकुळाबाई, म्हणजे रामजींची बायको, आतून कांदा चिरता चिरता बोलायची. "मी सकाळी सांगितलेलं लाईटबिल ह्यांना संध्याकाळी ठाव नसतं. पण कावळे किती होते ते इचारा, मोजून सांगतील!"

"लाईटबिल उडून जात नाही," रामजी म्हणायचे. "कावळा उडून जातो. बघावं लागतं."

एकदा प्रितीने विचारलं, "आबा, तुम्ही झेंडा वर केलात की ते लोक काय करायचे?"

"हात वर करायचा असतो त्यांनी. बघितलं, असं. तसा रिवाज आहे खेळाचा."

"करायचे?"

रामजी हसले. "शंभरात पाच. बाकीच्यांना बॉल मिळाला की झालं. पण त्या पाचांचं बरं वाटायचं हां."

प्रितीने सगळं लिहून घेतलं आणि ऑफिसात एकेक गोष्ट उभी केली. डावीकडे तळं, उजवीकडे जांभूळ, वाळलेली फांदी, सात कावळे, सकाळचं ऊन खेळणाऱ्याच्या पाठीवर. इतकं देखणं झालं की टीममधले लोक जेवणाच्या सुट्टीत येऊन नुसते बघत उभे राहायचे. प्रितीला मनातून फार बरं वाटत होतं. लग्नानंतर आठ वर्षांत सासऱ्यांशी तिचं जेवढं बोलणं झालं नव्हतं तेवढं या दोन आठवड्यांत झालं होतं.

बुधवारी सकाळी अकराला कंपनीने एका जुन्या सभासदाला बोलावलं. देवदत्त धैर्यवान, वय ब्याऐंशी, गिरगावातल्या जुन्या घराण्यातले. एकेकाळी यांच्या आजोबांच्या मालकीच्या वाड्या होत्या. आता एका फ्लॅटमध्ये ते आणि त्यांच्या ट्रॉफ्या राहत होत्या. क्रीक क्लबात सातत्याने खेळलेला आणि अजून हिंडूफिरू शकणारा असा हा एकच माणूस कंपनीला सापडला होता. ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले, खुर्चीत बसले, चष्मा पुसला, आणि मोठ्या पडद्याकडे बघत राहिले.

"छान केलंय," ते म्हणाले. "फारच छान. पण हे आमचं सातवं नव्हे."

प्रितीने वही उघडून पानं चाळली.

"म्हणजे काय सर?" अभिषेकने विचारलं.

"अहो, तळं उजवीकडे. जांभूळ डावीकडे. आणि हे ऊन? पाठीवर कसलं ऊन? सातव्यावर सकाळी डोळे उघडायची सोय नव्हती, समोरून ऊन भाल्यासारखं यायचं. बॉल मारला की कुठे गेला ते देवाला ठाऊक. त्यातच तर त्या होलची सगळी गंमत होती. हे सगळं उलटं आहे."

अभिषेकने प्रितीकडे बघितलं. तो मुलगा मनाने चांगला होता, म्हणून त्याने आवाज खाली आणला. "शुक्रवारी फायनल करायचंय गं. वय झालंय ना त्यांचं, होतं असं. आपण स्कॉटलंड घेऊ."

तेवढ्यात विकासचा फोन आला. त्याला माहीत होतं आज तपासणी आहे. प्रिती कोपऱ्यात गेली आणि खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, पण आठ वर्षांत तिने नवऱ्याला थाप मारली ती फक्त साड्यांच्या किमतीबद्दल, त्यामुळे जमलं नाही. "उलटं निघालं," ती म्हणाली. "डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. सगळंच."

"मग मी डॉक्टरचा नंबर लावतो," विकास म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "चावीचं मी बोलतो त्यांच्याशी. तू नको बोलूस."

ती परत आली तेव्हा धैर्यवान काठी सावरत उठत होते. जाता जाता त्यांनी विचारलं, "पण ही माहिती दिली कोणी तुम्हांला?"

"तिथे आगेवाले होते एक," प्रिती म्हणाली. माझे सासरे असं म्हणायला तिची जीभ रेटेना आणि याची तिला लगेच लाजही वाटली. "रामजी तांबे."

"नावं कोणाला माहीत असायची, बाई? नंबर सांगा."

नंबर प्रितीला पाठ होता. क्लबाचा पितळेचा बिल्ला सासूबाईंच्या पेटीत होता, नवं वर्ष लागलं की त्या तो चिंचेने घासायच्या. "एकवीस."

धैर्यवान पुन्हा खाली बसले.

"एकवीस नंबरने सांगितलं? मग ते बरोबर आहे."

"पण सर, तुम्हीच आत्ता म्हणालात..."

"मी म्हणालो ते मी म्हणालो. ऐका. चौऱ्याऐंशीची फायनल. मी सातव्यावर बॉल मारला, उन्हात गायब. मी म्हणालो, कावळ्याने नेला. सगळे म्हणाले, कावळ्यानेच नेला, कारण मी तेव्हा कमिटीवर होतो. एकवीस नंबर लांबून झेंडा खाली करून उभा. पाण्यात गेला म्हणतोय. माझा मित्र त्याच्यावर ओरडला, मी ओरडलो, दोघांनी मिळून त्याला काढून टाकण्याची भाषा केली. झेंडा काही डोक्यावर फिरला नाही. मी फायनल हरलो. आणि चार दिवसांनी माळ्याने तळं उपसलं त्यात माझा बॉल मिळाला, माझी अक्षरं होती त्यावर." त्यांनी चष्मा काढून पुन्हा पुसला, तो आधीच स्वच्छ होता. "त्या माणसाला चुकीचं दिसत नाही. घोळ तुम्हीच कुठेतरी घातला असणार. शोधा."

प्रिती दुपारी तीनलाच घरी आली. रामजी आणि बकुळाबाई मटार सोलत बसले होते. चहाचं आधण ठेवलं होतं आणि बकुळाबाई दोन डब्यांकडे बघून स्वतःशीच पुटपुटत होती, "कंचा मिठाचा न् कंचा साखरेचा, ह्या नव्या डब्यांनी मेला इचका करून ठेवलाय." डबे प्रितीनेच आणले होते, दिवाळीला, सहाच्या सहा एकसारखे. ते ऐकून ती दारातच थबकली, पण आत्ता डब्यांची वेळ नव्हती.

"आबा, परत एकदा सांगता? सातवं. पण बसून नको. जसे उभे राहायचात ना, तसे उभे राहून दाखवा."

रामजींनी मटाराच्या शेंगा बाजूला सारल्या. खुर्ची ढकलली. खिडकीला पाठ लावून, दोन्ही पाय फाकून, हातात नसलेला झेंडा धरून उभे राहिले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस एकदम ताठ झाला.

"हा असा. डावीकडे तळं," डावा हात, "उजवीकडे जांभूळ," उजवा हात. प्रिती त्यांच्या समोर उभी होती. आणि तिच्या समोर, तिच्या उजव्या हाताला तळं होतं आणि डाव्या हाताला जांभूळ.

"आबा," ती म्हणाली, "तुमचं तोंड कुणीकडे असायचं?"

"टीकडे. जिथून मारतात तिकडे. दुसरीकडे कुठे असणार? बॉल तिकडून येतो ना. पाठ करून उभा राहिलो तर टाळकं फुटेल."

प्रिती शेंगांच्या ढिगाजवळ बसली. आता हे कुणालाही सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही, त्याचं कारण त्यांच्या धंद्यातच होतं. गेममध्ये कॅमेरा नेहमी खेळणाऱ्याच्या पाठीमागे असतो. आठ वर्षं प्रिती त्याच एका जागेवरून सगळं जग बघत आली होती. होलकडे दुसऱ्या बाजूनेही कोणी उभं असतं, एकोणीस वर्षं उभं असतं, हे तिच्या गावीही नव्हतं. पाठीवरचं ऊन रामजींच्या पाठीवरचं होतं. खेळणाऱ्याच्या ते डोळ्यांत जायचं. सगळं बरोबर होतं, एकूण एक, फांदीसकट.

"पण आबा, तुम्ही सांगायचं ना, की टीवरून बघितलं तर उलटं दिसतं!"

"मला काय माहीत टीवरून कसं दिसतं?" रामजी म्हणाले. "टीवर मी कधी गेलोय?"

"कधीच नाही?"

"सोमवारी क्लब बंद असायचा. त्या दिवशी कॅडी, आगेवाले, सगळ्यांना खेळायला मोकळीक. पण सहाव्या होलपर्यंतच. सातव्याच्या टीला दोरी बांधायचे. तिथलं गवत नाजूक आहे म्हणे, आपल्या पायांनी बिघडेल." त्यांनी खाली वाकून एक शेंग उचलली. "सहावं झालं की स्टिक ठेवायची आणि घरी यायचं."

"वाटायचं नाही का तुम्हांला, की एकदा..."

"वाटायचं की," रामजी म्हणाले. "का नाही वाटणार? दर सोमवारी वाटायचं."

बकुळाबाई शेंगा सोलायची थांबली होती. चाळीस वर्षांहून जास्त संसार झाला होता आणि हे तिलाही नवीन होतं. तिने नवऱ्याच्या पुढ्यातल्या शेंगा आपल्याकडे ओढून घेतल्या, म्हणजे तुम्ही बसा आता, मी करते.

संध्याकाळी विकास आला तेव्हा प्रितीने त्याला चप्पल काढू दिली नाही. दारातच उभं केलं, आबांना खिडकीपाशी उभं केलं आणि म्हणाली, "तळं कुठे, दोघांनी हात दाखवा. आबा तुमच्या हिशोबाने, आणि तू त्या सभासदाच्या, म्हणजे उजवीकडे." बापलेकांचे हात एकाच भिंतीकडे गेले, एकाचा डावा आणि एकाचा उजवा. विकासला समजायला क्षणभर लागला. मग तो हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तो वाकून चप्पल काढत बसला, एकच चप्पल बराच वेळ. मीठ आणि साखरेच्या डब्यांवर त्याने त्याच दिवशी चिठ्ठ्या चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी आबा आंघोळीत असताना अभ्यासिकेच्या चावीचा ठसा घेतला, दादरला उतरून तिची एक जोडचावी करून आणली आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवली.

"ही कशाला?" रामजींनी गळ्यातली चावी मुठीत धरून विचारलं.

"मी पण विसरतो," विकास म्हणाला. "परवा ऑफिसचं कार्ड विसरलो. खानदानी आहे ते."

गुरुवारभर प्रितीने काम केलं. तळं इकडून तिकडे, जांभूळ तिकडून इकडे, सूर्य पाठीमागून उचलून थेट तोंडासमोर. आणि आणखी एक गोष्ट तिने केली, अभिषेकला न विचारता.

शुक्रवारी रामजींनी सातला अभ्यासिका उघडली, पंखे लावले, पिंप भरलं आणि मग पांढरा शर्ट घालून सुनेबरोबर परळला आले. धैर्यवान आधीच येऊन बसले होते. दोघांनी एकमेकांना ओळखायला मुळीच वेळ लागला नाही.

"एकवीस!" धैर्यवान म्हणाले, आणि लगेच ओशाळले. काठी टेकून उभे राहिले. "माफ करा. नाव काय हो तुमचं?"

"रामजी सखाराम तांबे."

"मी देवदत्त धैर्यवान."

"माहितीय की साहेब. तुमचा बॉल नेहमी तळ्यात."

ऑफिसातली पंचवीस माणसं हसली आणि सगळ्यांत मोठ्याने धैर्यवान हसले. मग अभिषेकने त्यांच्या हातात कंट्रोलर दिला आणि पडदा उजळला. सकाळचं ऊन असं समोरून आलं की म्हाताऱ्याने पडद्यासमोर डोळ्यांवर आडवा हात धरला. "हेच!" ते म्हणाले. "हेच ते, मेलं! काही म्हणजे काही दिसत नाही!" त्यांनी बॉल मारला आणि तो तळ्यात गेला. अभिषेकने तिथल्या तिथे होल पास करून टाकलं.

"आता आबा," प्रिती म्हणाली आणि कंट्रोलर सासऱ्यांच्या हातात दिला.

रामजींनी तो कपबशी धरावी तसा दोन्ही हातांनी धरला. पडद्यावर ते सातव्याच्या टीवर उभे होते. दोरी नव्हती. पायाखाली ते नाजूक गवत होतं, उजवीकडे तळं, डावीकडे जांभूळ, सगळं ओळखीचं आणि सगळं उलट्या बाजूने. ते इतका वेळ नुसते बघत राहिले की अभिषेकने बटण दाखवायला हात पुढे केला. प्रितीने तो मागे ओढला.

पार पुढे, उन्हाच्या तिरिपीत, एक बोटाएवढा माणूस उभा होता. त्याच्या हातात लाल ठिपका होता.

"तो कोण?" रामजींनी विचारलं.

"तुम्ही," प्रिती म्हणाली.

"एवढासा दिसायचो मी?"

उत्तर धैर्यवानांनी दिलं. "तेवढाच. कधीकधी तर नुसता झेंडाच दिसायचा. पण तो दिसला की जिवात जीव यायचा बघा. हे कधी सांगितलं नाही आम्ही तुम्हांला. सांगायला हवं होतं."

रामजी पडद्याकडे वळले. त्यांनी बटण दाबलं. बॉल उडाला, उन्हात शिरला आणि नाहीसा झाला. एकोणीस वर्षांत ज्या माणसाच्या नजरेतून एकही बॉल निसटला नव्हता, त्याला स्वतःचा बॉल दिसला नाही. ते खुर्चीत पुढे सरकले, डोळे बारीक केले, मान इकडेतिकडे केली. "कुठे गेला?" ते घाबऱ्या आवाजात म्हणाले. "ए, गेला कुठे?"

पडद्यावरचा बोटाएवढा माणूस धावला. जांभळीकडे धावला, कावळे उठले, तो थांबला, खाली वाकून बघितलं. मग ताठ उभा राहिला आणि त्याने लाल झेंडा सरळ वर केला.

रामजींनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघून हात वर केला.